रॉबर्ट जॉन्सन : दंतकथा, प्रभाव आणि निर्मिती

प्रस्तावना

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी मराठी अभ्यासकांचा परिचय प्रामुख्याने दलित साहित्याच्या चर्चेतून झाला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच तेथील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले होते. पुढे डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या साहित्याची साक्षेपी ओळख मराठीत करून दिली. या साहित्याच्या मुळाशी असलेला ब्लूज हा गीतप्रकार एका पीडित समाजाच्या दुःखाचा उद्गार म्हणून ओळखला जातो. ही ओळख चुकीची नाही, पण अपुरी आहे. ब्लूज ही प्रयत्नपूर्वक शिकावी लागणारी आणि जाणीवपूर्वक घडवलेली रचनाही आहे. म्हणून तिचा विचार रचना म्हणूनही व्हावयास हवा.

या दृष्टीने रॉबर्ट जॉन्सन (१९११-१९३८) या गिटारवादक-गीतकाराचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. मिसिसिपी राज्यात जन्मलेल्या या कलावंताला अवघे २७ वर्षांचे आयुष्य लाभले. त्याची एकूण २९ गीते ध्वनिमुद्रित झाली, तीही पाच दिवसांत. त्याच्या हयातीत त्याचे नाव फारसे दूरवर गेले नव्हते. आज मात्र ब्लूजच्या इतिहासात त्याच्याइतके चर्चिले गेलेले दुसरे नाव क्वचितच सापडेल. या कीर्तीसोबत एक कथाही सर्वत्र पोहोचली आहे. मध्यरात्री चौरस्त्यावर त्याने आपला आत्मा सैतानाला विकला आणि त्या बदल्यात गिटारवादनाची विद्या मिळवली, अशी ती कथा.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, ही दंतकथा वरकरणी जॉन्सनचा गौरव करीत असली तरी प्रत्यक्षात ती त्याच्याकडून त्याचे श्रेय काढून घेते. तिच्यामुळे त्याचे शिकणे, त्याचे गुरू, त्याने ऐकलेल्या तबकड्या आणि त्याने केलेले रचनाविषयक निर्णय दृष्टीआड होतात. याउलट त्याच्यावरील प्रभावांची नोंद नीट केली, तर त्याचे वेगळेपण कमी न होता अधिक स्पष्ट होते. हे प्रतिपादन पुढे त्याचा जीवनक्रम, दंतकथेचा उगम, प्रभावांचे मार्ग आणि निवडक गीते यांच्या आधारे मांडले आहे.

जीवनक्रम

रॉबर्ट जॉन्सनचा जन्म मिसिसिपीमधील हेझलहर्स्ट या गावी, बहुधा ८ मे १९११ रोजी झाला. त्याची आई ज्यूलिया हिचा पती चार्ल्स डॉड्स हा लाकडी सामान बनवणारा कुशल कारागीर होता आणि त्याच्या मालकीची जमीनही होती. त्या काळच्या मिसिसिपीत कृष्णवर्णीय माणसाने अशी स्वावलंबी स्थिती मिळवणे ही लहान गोष्ट नव्हती. गोऱ्या जमीनदारांशी झालेल्या वादानंतर जमावाकडून ठार मारले जाण्याच्या भीतीने त्याला गाव सोडून पळावे लागले. मेम्फिस शहरात तो चार्ल्स स्पेन्सर या नव्या नावाने राहू लागला. पुढे ज्यूलियाला नोआ जॉन्सन या मजुरापासून रॉबर्ट झाला. बालपणाची काही वर्षे रॉबर्टने मेम्फिसमध्ये याच स्पेन्सर कुटुंबात काढली आणि नंतर तो आईकडे, मिसिसिपी नदीकाठच्या डेल्टा भागात रॉबिन्सनव्हिलजवळच्या कापसाच्या मळ्यावर आला.

या तपशिलाचे महत्त्व दुहेरी आहे. पहिले म्हणजे, नाव बदलणे, गाव सोडणे आणि रात्रीच्या अंधारात वाट धरणे हे त्याच्या गीतांत वारंवार येणारे विषय त्याच्या घरच्या इतिहासातच होते. दुसरे म्हणजे, तो केवळ खेड्यातला, बाहेरच्या जगाचा वारा न लागलेला गायक नव्हता. मेम्फिससारख्या शहराशी त्याचा संबंध शेवटपर्यंत टिकून होता. त्याची सावत्र बहीण ॲनी अँडरसन यांचे आठवणींचे पुस्तक २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून रेडिओ, तबकड्या आणि नाना प्रकारची लोकप्रिय गाणी यांच्या सहवासात वावरणारा, घरातल्या माणसांना हवे ते गाणे म्हणून दाखवणारा रॉबर्ट आपल्याला भेटतो.

डेल्टातील बहुसंख्य कृष्णवर्णीय कुटुंबे जमीनमालकाच्या शेतात वाट्याने राबत. हंगामाच्या शेवटी हिशेब मालकाच्या वहीत होई आणि कर्ज सहसा फिटत नसे. गिटार ही या चाकोरीतून बाहेर पडण्याची एक वाट होती. १९२९ मध्ये जॉन्सनचा विवाह झाला, पण १९३० मध्ये पत्नीचा बाळंतपणात मृत्यू झाला. त्याच वर्षी सन हाऊस हा मान्यवर ब्लूज गायक रॉबिन्सनव्हिल परिसरात राहावयास आला आणि जॉन्सनच्या शिक्षणाचा महत्त्वाचा टप्पा सुरू झाला. पुढील काही वर्षांत जॉन्सन भटक्या गायकाचे जीवन जगू लागला. नोव्हेंबर १९३६ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील गंटर हॉटेलात तीन दिवसांत १६ आणि जून १९३७ मध्ये डॅलस येथे दोन दिवसांत १३ अशी त्याची गीते मुद्रित झाली. त्यांपैकी 'टेराप्लेन ब्लूज' या तबकडीच्या सुमारे ५,००० प्रती खपल्याचे सांगितले जाते. १६ ऑगस्ट १९३८ रोजी ग्रीनवूडजवळ त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर विषप्रयोग झाल्याची हकीकत समकालीन गायकांनी सांगितली. संशोधक गेल डीन वॉर्डलो यांना १९६८ मध्ये मिळालेल्या मृत्युदाखल्यात डॉक्टर नव्हता एवढीच मुख्य नोंद आहे. आज त्याच्या नावाचे स्मृतिशिलालेख तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. चरित्रातील अशा रिकाम्या जागांतच दंतकथेला पाय पसरण्यास वाव मिळाला.

दंतकथेचा उगम

चौरस्त्याची कथा कोठून आली, हा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सन हाऊसने १९६०च्या दशकात सांगितलेल्या आठवणींनुसार जॉन्सन प्रथम केवळ माउथ ऑर्गन बऱ्यापैकी वाजवीत असे. नाचगाण्याच्या जागी हाऊस आणि विली ब्राउन विश्रांतीसाठी बाहेर गेले की हा पोरगा त्यांची गिटार उचले आणि श्रोते त्याच्या वाजवण्याने हैराण होत. नंतर तो गावातून नाहीसा झाला आणि काही महिन्यांनी परतला तेव्हा त्याचे वादन ऐकून हे दोघेही थक्क झाले. या थक्क होण्यातूनच पुढे सैतानाशी केलेल्या सौद्याची वदंता जॉन्सनच्या नावाला जोडली गेली.

वस्तुतः ही कथा आधी दुसऱ्याच जॉन्सनची होती. टॉमी जॉन्सन या डेल्टातील गायकाविषयी त्याचा भाऊ लेडेल याने संशोधक डेव्हिड इव्हान्स यांना ती सांगितली होती. तिचा तपशील पाहण्यासारखा आहे. मध्यरात्रीपूर्वी गिटार घेऊन चौरस्त्यावर जावे. तेथे एक धिप्पाड काळा पुरुष येतो. तो गिटार हातात घेतो, तिचे स्वर जुळवतो, एक गाणे वाजवतो आणि गिटार परत देतो. टॉमीने स्वतःला सैतानाला विकले, हे लेडेलही सांगतो. परंतु कथेतील प्रत्यक्ष कृती पाहिल्या तर त्या एखाद्या उस्तादाच्या आहेत. वाद्य लावून देणे, वाजवून दाखवणे आणि वाद्य शिष्याच्या हाती सोपवणे ही शिकवणीचीच रीत होय. म्हणजे लोकपरंपरेतील ही कथा विद्या कोणाकडून तरी मिळते हे मान्य करणारी आहे. तिच्या आधुनिक रूपात मात्र शिकवणी गळून पडली आणि केवळ सौदा उरला.

१९६१ मध्ये कोलंबिया कंपनीने 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स' ही जॉन्सनच्या गीतांची दीर्घवादी तबकडी प्रसिद्ध केली. तिचे श्रोते मुख्यतः गोरे तरुण होते. त्यांच्यासमोर त्याचे छायाचित्र नव्हते, विश्वसनीय चरित्र नव्हते. होता तो केवळ आवाज. युरोपीय साहित्यातील फाउस्टची कथा त्यांना परिचित होती आणि ती येथे सहज बसली. अशी वदंता पागानिनी या इटालियन व्हायोलिनवादकाविषयीही होती. पण पागानिनीचे शिक्षण, त्याचे गुरू आणि त्याच्या लेखी रचना यांचा अभ्यास त्या वदंतेमुळे थांबला नाही. जॉन्सनच्या बाबतीत मात्र दंतकथेने दीर्घकाळ अभ्यासाचीच जागा घेतली. कृष्णवर्णीय कलावंताची विद्या ही एकतर उपजत असते किंवा अमानुषी असते. ती कमावलेली असू शकते हे मान्य करणे मात्र अवघड जाते, हा पूर्वग्रह त्यामागे दिसतो.

प्रभावांचे दोन मार्ग : गुरुमुख आणि तबकडी

मग जॉन्सन गावाबाहेर असताना काय करीत होता? ब्रूस कॉनफोर्थ आणि गेल डीन वॉर्डलो यांच्या २०१९ मधील चरित्राने या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी दिले आहे. तो आपल्या जन्मगावाच्या परिसरात गेला होता आणि तेथील आइक झिमरमन या गिटारवादकाच्या घरी राहून शिकत होता. झिमरमनच्या कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार हे गुरुशिष्य रात्री जवळच्या स्मशानभूमीत थडग्यांवर बसून वाजवीत, कारण तेथे कोणाची झोपमोड होत नसे. दंतकथेतील मध्यरात्र आणि भयाण जागा या दोन्ही गोष्टी येथे आहेत. फक्त सैतानाच्या जागी शेजाऱ्यांची काळजी घेणारा एक शिक्षक आहे. हाऊसच्या आठवणीत काही महिन्यांचा असलेला हा काळ प्रत्यक्षात वर्षाहून अधिक होता. काळ आक्रसला की प्रगती चमत्कारासारखी वाटू लागते, ही मौखिक स्मृतीची प्रकृतीच आहे.

सन हाऊसचा प्रभाव तर थेट मुद्रित गीतांत ऐकू येतो. 'वॉकिंग ब्लूज'ची चाल आणि 'प्रीचिंग ब्लूज'ची कल्पना हाऊसकडून आलेली आहे. बाटलीच्या गळ्याची काच बोटात घालून ती तारेवरून सरकवीत गिटारला गायला लावण्याचे डेल्टा शैलीचे तंत्रही जॉन्सनने याच वर्तुळात आत्मसात केले. गुरुमुखातून आलेल्या प्रभावाचे हे स्वरूप आहे.

परंतु जॉन्सन हा ज्या पिढीचा कलावंत होता, तिला दुसरा एक गुरू लाभला होता. तो म्हणजे ७८ फेऱ्यांची तबकडी. १९२०च्या दशकात कंपन्यांनी कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी स्वतंत्र तबकड्या काढण्यास सुरुवात केली आणि शेकडो मैलांवरच्या गायकाचे गाणे डेल्टातील खेड्यात पोहोचू लागले. जॉन्सनची गीते या तबकड्यांच्या शेजारी ठेवून पाहिली की त्यांचे नाते स्पष्ट होते. 'स्वीट होम शिकागो' या गीताचा साचा कोकोमो अर्नोल्डच्या १९३४ मधील 'ओल्ड ओरिजिनल कोकोमो ब्लूज'चा आहे आणि अर्नोल्डनेही तो स्क्रॅपर ब्लॅकवेलच्या १९२८ मधील तबकडीवरून घेतला होता. '३२-२० ब्लूज' हे स्किप जेम्सने पियानोवर गायिलेल्या '२२-२० ब्लूज'चे गिटारवरील रूप होय. 'हेलहाउंड ऑन माय ट्रेल'मागे त्याच जेम्सचे १९३१ मधील 'डेव्हिल गॉट माय वुमन' आहे. 'कम ऑन इन माय किचन'ची चाल मिसिसिपी शीक्स या वादकसमूहाच्या १९३० मधील लोकप्रिय गीताशी जुळते. 'इफ आय हॅड पझेशन ओव्हर जजमेंट डे'मध्ये हॅम्बोन विली न्यूबर्नची १९२९ मधील चाल आहे, तर 'माल्टेड मिल्क'मध्ये लॉनी जॉन्सनच्या मुलायम, शहरी गायकीची छाया आहे.

या यादीत डेल्टाबाहेरचे गायक लक्षणीय संख्येने आहेत. जॉन्सनसोबत भटकंती केलेल्या जॉनी शाइन्सने सांगितले आहे की, रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे तो दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे वाजवी. मग ते ब्लूज असो, गोऱ्या ग्रामीण गायकांचे गाणे असो वा चित्रपटातले. रस्त्याच्या कडेला उभे राहून पोट भरणाऱ्या गायकाला श्रोत्याची फर्माईश पुरी करावी लागते. एलायजा वॉल्ड यांनी २००४ मधील आपल्या ग्रंथात जॉन्सनला याच व्यावसायिक चौकटीत ठेवले आहे. डेल्टाच्या मातीतून आपोआप उगवलेला आदिम प्रतिभावंत ही प्रतिमा त्यामुळे टिकत नाही. तो आपल्या काळातील नवे तंत्रज्ञान पुरेपूर वापरणारा, चौकस आणि आधुनिक कलावंत होता.

तबकडीचा परिणाम केवळ चालीपुरता नव्हता. शहरी ब्लूजमध्ये पियानोवादक डाव्या हाताने खर्जातील ठेका अखंड चालू ठेवी आणि उजव्या हाताने गायनाला उत्तर देई. जॉन्सनने हे दोन्ही हात एका गिटारवर आणले. खालच्या तारांवर चालता ठेका, वरच्या तारांवर त्रोटक उत्तरे आणि या दोहोंवर गायन, अशी तिपेडी वीण त्याच्या अनेक गीतांत ऐकू येते. गिटारवरील असा ठेका त्याच्या आधीच्या काही मुद्रिकांतही आढळतो. तेव्हा तो जॉन्सनचा शोध म्हणता येणार नाही. पण गाण्याच्या अर्थानुसार तो ठेका थांबवणे, मोडणे आणि पुन्हा उचलणे यांत त्याचे प्रभुत्व दिसते.

उसनवारी आणि निर्मिती : 'लव्ह इन व्हेन'

एवढे प्रभाव दाखवल्यावर एक प्रतिप्रश्न उभा राहतो. चाल एकाची, ओळ दुसऱ्याची आणि ठेका तिसऱ्याचा असेल, तर जॉन्सनचे स्वतःचे काय उरते? या प्रश्नाचे उत्तर एखादे गीत बारकाईने पाहिल्यानेच मिळू शकते. त्यासाठी डॅलस येथे १९३७ मध्ये मुद्रित झालेले 'लव्ह इन व्हेन' हे गीत योग्य ठरेल.

ब्लूजच्या कडव्याचा रूढ साचा असा : पहिली ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यावयाचे. चार-चार ठोक्यांच्या बारा गटांत एक कडवे पूर्ण होते. जॉन्सनच्या गुरूंच्या पिढीत अशी कडवी सुटी असत. श्रोते नाचत असेपर्यंत गायक एकामागून एक कडवी जोडीत जाई. सन हाऊसची १९३० मधील मुद्रिते तबकडीच्या एका बाजूत न मावल्याने दोन्ही बाजूंवर, भाग एक आणि भाग दोन अशी निघाली, ती या परंपरेमुळेच.

'लव्ह इन व्हेन'ची चाल लेरॉय कार या पियानोवादक-गायकाच्या १९३५ मधील 'व्हेन द सन गोज डाउन' या गीतावरून घेतलेली आहे. कारच्या गीतात सूर्यास्ताच्या वेळी दाटून येणारे एकाकीपण आहे. ती एक मनःस्थिती आहे. तिच्यात घटना नाही. जॉन्सनने त्या चालीत एक घटना आणली. पहिल्या कडव्यात निवेदक हातात बॅग घेऊन तिच्या मागोमाग स्थानकापर्यंत जातो. दुसऱ्यात गाडी स्थानकात येते आणि तो तिच्या डोळ्यांत पाहतो. तिसऱ्यात गाडी सुटते आणि तिच्या मागचे दोन दिवे, एक निळा व एक लाल, त्याला दिसत राहतात. निळ्यात त्याला आपली उदासी दिसते व लाल दिव्यात आपले मन. चौथ्या कडव्यात शब्द जवळजवळ संपतात. उरतो तो हुंकार आणि त्यात मिसळलेले तिचे नाव.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, सर्वाधिक वाखाणली गेलेली दोन दिव्यांची प्रतिमाही जॉन्सनची स्वतःची नाही. ब्लाइंड लेमन जेफरसनच्या १९२६ मधील 'ड्राय सदर्न ब्लूज'मध्ये ती आधीच येऊन गेली आहे. पण तेथे ती सुट्या कडव्यांतील एक कडवे आहे. जॉन्सनने तिला एका क्रमात बसवले. स्थानक, नजरानजर आणि गाडीचे सुटणे यांनंतर ती येते, तेव्हा ते दिवे प्रथम खरे दिवे असतात आणि मगच रूपक होतात. निघून जाणाऱ्या गाडीचे दिवे लहान होत जावेत, तसे गीतातले शब्दही पुढच्या कडव्यात विरत जातात. बॅगेचा तपशीलही असाच अर्थगर्भ आहे. जाणारी ती आहे, पण बॅग त्याच्या हातात आहे. ती तिचीच बॅग पोहोचवावयास आणली आहे की आपणही सोबत जाऊ या आशेने त्याने स्वतःची भरून घेतली आहे, हे गीत सांगत नाही. या न सांगण्यात त्याच्या विफल प्रेमाची सारी कथा आहे.

साधारण तीन मिनिटांत आरंभ, मध्य आणि अंत असलेली ही बांधणी मौखिक मैफलीतून आलेली नाही; ती तबकडीच्या मर्यादेतून आली आहे. याच गीताचे दोन टेक उपलब्ध असून त्यांतील कडव्यांचा क्रम आणि शब्द जवळजवळ सारखे आहेत. म्हणजे ही रचना माइकसमोर सुचलेली नव्हती. ती आधी बांधून आणलेली होती. परंपरेने सामग्री दिली, तबकडीने मर्यादा घातली आणि जॉन्सनने त्या मर्यादेचा आकार केला. उसनवारी आणि निर्मिती यांना परस्परविरोधी मानणारा निकष ब्लूजला लावता येत नाही, हे या गीतावरून स्पष्ट होते.

सैतानाची प्रतिमा : गीतांचा साक्षीपुरावा

दंतकथेचे समर्थक जॉन्सनच्या काही गीतांचा दाखला देतात. त्यांत 'क्रॉस रोड ब्लूज' अर्थातच प्रथम येते. परंतु या गीतात सैतान कोठेही नाही. निवेदक चौरस्त्यावर गुडघे टेकतो आणि दयेची याचना करतो ती देवाकडे. तो जाणाऱ्या गाड्यांना हात दाखवतो. कोणी थांबत नाही, कोणी त्याला ओळखत नाही. सूर्य मावळू लागतो आणि अंधार आपल्याला येथेच गाठणार, ही धास्ती वाढत जाते. मित्र विली ब्राउन याला निरोप द्यावा, असे तो म्हणतो.

या धास्तीला सैतानाची गरज नाही. १९३०च्या दशकातील अमेरिकेच्या दक्षिण भागात अनोळखी गावाच्या वेशीवर सूर्यास्तानंतर एकट्याने उभे असणे कृष्णवर्णीय माणसासाठी धोक्याचे होते. भटकेपणाच्या आरोपाखाली अटक होऊन सक्तमजुरीला धाडले जाण्याची, किंवा त्याहून वाईट काही घडण्याची शक्यता असे. ज्याच्या आईच्या पतीला जमावाच्या भीतीने परागंदा व्हावे लागले होते, त्या गायकाने हे गीत गायिले आहे. चौरस्त्याच्या दंतकथेने या गीतातील ऐतिहासिक भय पुसून त्याजागी रोमांचक भय आणले, ही तिची सर्वांत मोठी हानी होय.

'मी अँड द डेव्हिल ब्लूज' या गीतात सैतान खरोखरच आहे. तो भल्या सकाळी दार ठोठावतो आणि दोघे बरोबरीने चालू लागतात. पण या गीताचा सूर कबुलीजबाबाचा नाही. आपले प्रेत हमरस्त्याच्या कडेला पुरा, म्हणजे आपला पापी आत्मा ग्रेहाउंड कंपनीची बस पकडून निघून जाईल, अशा आशयाच्या कल्पनेवर ते संपते. त्यात काळा विनोद उघड आहे. शिवाय सैतान ही तबकडी-व्यवसायातील रुळलेली प्रतिमा होती. क्लारा स्मिथ या गायिकेने सैतानाला आत्मा विकल्याचे गाणे १९२४ मध्येच मुद्रित केले होते. पीटी व्हीटस्ट्रॉ हा लोकप्रिय गायक तर 'सैतानाचा जावई' या बिरुदासह आपल्या तबकड्या विकत असे. चर्चच्या दृष्टीने ब्लूज हे सैतानाचे संगीत होते आणि गायकांनी ती निंदाच मिरवावयास घेतली. याच गीतात निवेदक आपल्या स्त्रीला मारहाण करण्याची भाषा बोलतो, हेही नोंदवले पाहिजे. दंतकथेच्या तेजोवलयात ही हिंसा सहसा दुर्लक्षित राहते. कलावंताला अमानुषी ठरवले की त्याच्या गीतातील मानवी दोषांचा जाबही विचारला जात नाही.

याचा अर्थ 'हेलहाउंड ऑन माय ट्रेल'मधील पाठलागाची अस्वस्थता केवळ व्यावसायिक साचा आहे, असा नाही. जेम्सच्या गीतातील वियोगाची व्यथा जॉन्सनच्या हाती सतत चालत राहण्याच्या सक्तीत रूपांतरित होते. प्रतिमा परंपरेची असूनही अनुभव त्याचा असू शकतो. या दोहोंतील अंतर आणि नाते तपासणे हेच समीक्षेचे काम आहे.

उत्तरप्रभाव

जॉन्सनच्या मृत्यूनंतरची एक घटना त्याच्या साऱ्या जीवनाचे सार सांगणारी आहे. संगीतनियोजक जॉन हॅमंड यांनी २३ डिसेंबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीय संगीताचा मोठा कार्यक्रम आयोजित केला होता. त्यात जॉन्सनने गावे अशी त्यांची इच्छा होती. पण चौकशी करता तो मरण पावल्याचे कळले. तेव्हा रंगमंचावरून त्याच्या दोन तबकड्या श्रोत्यांना ऐकवण्यात आल्या. तबकड्यांकडून शिकलेला कलावंत अखेर तबकडीच्या रूपानेच त्या मंचावर आला.

पुढचा प्रभावही याच दोन मार्गांनी पसरला. रॉबर्ट लॉकवूड ज्युनियर याला त्याने स्वतः शिकवले होते. १९४१ मध्ये ॲलन लोमॅक्स यांनी मिसिसिपीतील स्टोव्हॉल मळ्यावर मडी वॉटर्सचे गायन मुद्रित केले, तेव्हा एका चालीविषयी बोलताना वॉटर्सने सन हाऊसकडून शिकल्याचेही सांगितले आणि जॉन्सनच्या तबकडीचाही उल्लेख केला. गुरुमुख आणि तबकडी एकाच चालीत कसे एकत्र येतात, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय. एल्मोर जेम्सने 'डस्ट माय ब्रूम' १९५१ मध्ये विजेच्या गिटारवर आणले. १९६१ च्या दीर्घवादी तबकडीनंतर ब्रिटनमधील तरुण वादक जॉन्सनकडे वळले. क्रीम या वाद्यवृंदाने १९६८ मध्ये 'क्रॉसरोड्स' आणि रोलिंग स्टोन्सने १९६९ मध्ये 'लव्ह इन व्हेन' सादर केले. १९९० मध्ये त्याची समग्र मुद्रिते प्रसिद्ध झाली आणि त्यांच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. हयातीत काही हजारांवर थांबलेला श्रोतृवर्ग मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने लाखांवर गेला. त्या लाखांपैकी बहुतेकांना गीतांआधी दंतकथा ठाऊक होती, हे मात्र विसरता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात.

१. जॉन्सनची विद्या ही गुरू, सहवादक आणि तबकड्या यांच्याकडून कमावलेली होती. तिचे टप्पे, स्थळे आणि व्यक्ती आज बऱ्याच अंशी ज्ञात आहेत.

२. त्याचे वेगळेपण सामग्रीच्या नवेपणात नसून तिच्या बांधणीत आहे. सुट्या कडव्यांच्या परंपरेला त्याने तीन मिनिटांच्या एकसंध गीताचे रूप दिले.

३. चौरस्त्याची दंतकथा मुळात शिकवणीची खूण बाळगणारी लोककथा होती. तिचे आधुनिक रूप मात्र कलावंताचे श्रम आणि गीतामागचा वांशिक दहशतीचा इतिहास या दोहोंना झाकून टाकते.

४. प्रभावांचा शोध घेणे म्हणजे कलावंताला लहान करणे नव्हे. ज्या समाजाच्या कर्तृत्वाला उपजत देणगी किंवा दैवी चमत्कार असे म्हणून बाजूला सारण्यात आले, त्या समाजातील कलावंताच्या बाबतीत प्रभावांची नोंद हीच न्याय्य समीक्षा ठरते.

अखेरीस, स्मशानातील त्या रात्रींकडे पुन्हा पाहावेसे वाटते. तेथे सौदा झाला नव्हता. एक माणूस दुसऱ्याला शिकवीत होता आणि दुसरा बोटे दुखेपर्यंत तेच तेच वाजवीत होता. जॉन्सनच्या २९ गीतांचे खरे रहस्य तेथे आहे, आणि ते चमत्कारापेक्षा अधिक आदरास पात्र आहे.